ओकची लाकडी फरशी: पुसायची कशी, आणि फळ्यांच्या कडा का उचलल्या?

ओसरी:
आम्ही दीड वर्षापूर्वी न्यू जर्सीत 1962 साली बांधलेले घर घेतले. दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात रेड ओकच्या सव्वादोन इंची फळ्यांची फरशी आहे. घर ताब्यात आले तेव्हा तिच्यावर चांगली चमक होती. आता मात्र सिंकसमोरचा दोन-तीन फुटांचा पट्टा करडा पडला आहे आणि तिथल्या फळ्यांच्या कडा इतक्या उचलल्या आहेत की अनवाणी चालताना तळपायाला पन्हळी जाणवतात. दिवाणखान्यातल्या फळ्या सपाट आहेत, पण हिवाळ्यात त्यांच्यामध्ये फटी पडतात. शिवाय कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली एक काळे वर्तुळ उमटले आहे.

आठवड्यातून दोनदा बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून मी मॉप फिरवतो. उन्हाळ्यात आई चार महिने इथे होती. ओले फडके फिरल्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखे तिला वाटत नाही, म्हणून ती रोज पुसत असे. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. एका कंत्राटदाराने सगळे घर तासून नव्याने पॉलिश करायला सांगितले आहे. ते करावे का?

रंधा:
इतक्यात तासू नका, निदान स्वयंपाकघर तरी नाहीच. फळीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त ओली झाली की खालचा भाग फुगतो आणि कडा वर येतात. पुसताना सांध्यांतून पाणी खाली उतरते; वरचे लवकर वाळते, खालचे अडकून राहते. अशा अवस्थेत मशीन फिरवले तर उचललेल्या कडा कापल्या जातात, आणि काही महिन्यांनी लाकूड वाळून मूळ जागी आले की त्याच फळ्या मध्ये फुगीर व कडेला खोल दिसू लागतात. म्हणून आधी ओल थांबवा. बेसमेंटमध्ये जाऊन सिंकच्या बरोबर खालची बाजू विजेरीने पाहा. डिशवॉशरची किंवा नळाची बारीक गळती असेल तर दोष एकट्या मॉपचा नाही. गळती नसेल तर बादली बंद करून दोन-तीन महिने वाट पाहा. बऱ्याचदा फळ्या आपोआप बऱ्याच सपाट होतात.

आपण ज्याला फरशी पुसणे म्हणतो, ते खरे तर लाकडावरच्या पातळ थराला पुसणे असते. तो थर शाबूत आहे की नाही हे कळण्यासाठी पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर थर ठीक आहे. थोड्या वेळात जिरून लाकूड काळवंडले तर तिथे थर उरलेला नाही. तुमचे घर 1962 चे असल्यामुळे आणखी एक तपासणी करा. पांढऱ्या कापडावर थोडे मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचे द्रावण) घेऊन कोपऱ्यात चोळा. कापडावर पिवळट-तपकिरी मळ आला तर तिथे मेण असण्याची शक्यता मोठी. मेणावर पॉलीयुरेथेन (फरशीवर लावायचे पारदर्शक वॉर्निश) धरत नाही.

काळे वर्तुळ म्हणजे ओकमधले टॅनिन (तुरट द्रव्य), लोखंड आणि ओल यांची करामत. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की तो काळा होतो, तेच इथे घडले आहे. ऑक्झॅलिक ॲसिडने तो डाग फिकटतो, पण फक्त उघड्या लाकडावर, म्हणजे वरचा थर काढल्यावरच. ते विषारी असते, म्हणून हातमोजे घालूनच वापरावे.

पानगळ:
मी दहा वर्षे व्हिनेगरच वापरतो आणि माझ्या फरशीला काहीही झालेले नाही. इतका बाऊ करण्याची गरज नाही असे वाटते.

उंबरठा_टोरांटो:
पानगळ, तुमचा मॉप जवळजवळ कोरडा असेल आणि व्हिनेगर चमचाभर, म्हणून निभावले असेल. आम्ल वरच्या थराची चमक हळूहळू मंद करते, आणि ते इतके सावकाश होते की शेजारी नवी फळी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. वाफेचा मॉप तर त्याहून वाईट, कारण वाफ सांध्यांत शिरते. साबणाचे तेलकट द्रावणही टाळावे. त्याचा पापुद्रा बसला की पुढे नवा थर चिकटत नाही.

खरा शत्रू रेती आहे. बुटांच्या तळव्याला चिकटून आलेले कण पायाखाली घासकागदासारखे चालतात. घरात चपला न घालण्याची आपली सवय या फरशीला मानवते, पण रांगोळीही दगडाचीच भुकटी, ती थेट फळ्यांवर काढू नये. आम्ही पाटावर काढतो. रोज मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने कण उचलावेत, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावाव्यात, आणि आठवड्यातून एकदा फडक्यावर पॉलीयुरेथेनसाठीचे क्लीनर फवारून पुसावे. फडके फिरल्यानंतर ओलसरपणा मिनिटभरात उडून गेला पाहिजे.

फटींचे कारण हीटिंग. हवेतली आर्द्रता 55 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आली तर सव्वादोन इंची फळी रुंदीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. उन्हाळ्यात भरून येणाऱ्या फटी पुट्टी घालून बुजवू नका, कारण फळ्या फुगल्या की ती चुरा होऊन बाहेर येते. आर्द्रतामापक आणून ह्युमिडिफायरने 35 ते 50 टक्के राखा. कडाक्याच्या थंडीत खिडक्यांच्या काचांवर पाणी धरू लागले तर 35 वरच थांबा.

ओसरी:
तपासणी केली. सिंकसमोर थेंब मिनिटभरात जिरला आणि लाकूड काळे पडले. दिवाणखान्यात दहा मिनिटांनीही थेंब उभा होता आणि कापड पांढरेच राहिले. बेसमेंटमध्ये डिशवॉशरच्या नळीखालच्या तुळईवर ओलीचा जुना पिवळा डाग सापडला. नळी बदलून घेतली. बादली गॅरेजमध्ये गेली आहे. आता पुढे काय?

रंधा:
मग दिवाणखाना तासण्याची गरजच नाही. वरचा थर घासकागदासारख्या बारीक जाळीने हलका खरवडून त्यावर पॉलीयुरेथेनचा एक नवा हात मारला की पुरे. यात लाकडाला धक्का लागत नाही. पाऊण इंच जाडीच्या फळीत जिभेच्या (शेजारच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या पट्टीच्या) वरचे लाकूड जेमतेम पाव इंच असते आणि प्रत्येक तासणीत त्यातले सुमारे पाऊण मिलिमीटर जाते, तेव्हा ते जपून खर्च करावे. स्वयंपाकघराचे काम फळ्या सपाट झाल्यावर काढा, म्हणजे काळे वर्तुळही त्याच वेळी हाताळता येईल. त्याआधी कंत्राटदाराकडून जुन्या लेपातल्या शिशाची तपासणी करून घ्या, कारण तुमचे घर 1978 च्या, म्हणजे अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी येण्याच्या, आधीचे आहे आणि ती धूळ मुलांच्या हाताला लागू नये. तोवर सिंकसमोर एक छोटे पायपुसणे टाका, मात्र रबराच्या पाठीचे नको. त्याने फळ्यांवर डाग पडतात.