मागं काहीतरी जोडलेलं, आत पोरं आणि स्टेअरिंग आपल्या हातात: तुमचा पहिला अनुभव सांगा

दोन_पोरांची_आई

काल सोमेश्वरकडनं येत होते, तर गंगापूर रोडला एका गल्लीच्या तोंडाशी पांढरा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागं जोडायचं चाकांवरचं घर, आडवा अडकलेला. गाडीत बाप घामाघूम, मागं बायको उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या... अहो थांबा!" आणि मागच्या काचेला नाक लावून दोन पोरं मजा बघतायत. लोक हॉर्न मारत होते. मी आपली स्कूटी बाजूला लावून पाच मिनिटं नुसती बघत बसले, कारण तो घाम मला माहितीये.

२०१८ चा डिसेंबर. ह्यांच्या मित्रानं छोटा कॅम्पर ट्रेलर घेतलेला, दोन दिवस आम्हाला दिला. भंडारदऱ्याला जायचं ठरलं, नाशिकहून सत्तर-एक किलोमीटर, काय अवघड आहे! आणि निघायच्या आठ दिवस आधी ह्यांचं मनगट मोडलं. संक्रांत पुढं महिनाभर होती पण ह्यांचा पतंगाचा सराव आधीच सुरू, गच्चीच्या कठड्यावर चढले होते. वय ३८. असो.

मी म्हटलं कॅन्सल करू. पोरांची तोंडं उतरली (लेक ९, लेक म्हणजे मुलगी, आणि मुलगा ५). सासूबाई म्हणाल्या, "तू चालवतेस ना गाडी, मग?" मी चालवायचे म्हणजे कॉलेज रोड ते शाळा आणि शाळा ते कॉलेज रोड.

पाथर्डी फाट्यापर्यंत हळूहळू गेलो, मग हायवे मोकळा मिळाला. विल्होळी गेली, वाडीवऱ्हेच्या आसपास काटा सत्तरवर, शेजारनं एक कंटेनर झपकन पुढं गेला आणि ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडासा, मग गाडीचं बूडच त्याच्याबरोबर इकडं तिकडं. मी काय केलं असेल? कचकन ब्रेक! अजून वाईट. सासूबाई "सप्तशृंगी माते" करून ओरडल्या, मुलगा म्हणाला आई परत कर. कशी थांबले मला आठवत नाही, पण थांबले. हात थरथरत होते, स्टेअरिंग सुटेना.

पुढं एक ट्रक उभा होता, त्याचे ड्रायव्हर काका चहा पीत होते, ते आले. ट्रेलरचं मागचं दार उघडून बघितलं आणि हसले. आम्ही पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, शेगडी, सतरंज्या, सासूबाईंचा फराळाचा डबा सगळं दाराला लागून ठेवलेलं, काढायला सोपं म्हणून. काका म्हणाले, "ताई, शेपूट जड झालंय. जड माल चाकांच्या पुढं घ्या, थोडा भार हुकावर आलाच पाहिजे. आन् परत डुललं तर ब्रेकवर पाय नका ठेवू, स्टेअरिंग सरळ धरा आन् नुसता ॲक्सिलेटर सोडा." ह्यांनी एका हातानं आणि मी दोन हातांनी सगळं पुढं सरकवलं. घोटीपर्यंत पन्नासनं गेले, एकदाही डुललं नाही.

पण खरी परीक्षा बारीच्या अलीकडे. अरुंद रस्ता, समोरनं एसटी. ती कशाला मागं जातेय! मला रिव्हर्स. डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं, घाबरून अजून फिरवलं की कोयत्यासारखा मुडपतो. हे खाली उतरून प्लास्टरच्या हातानं खुणा करतायत, त्या बघून मला अजूनच रडू. तेव्हा मागनं लेक शांतपणे म्हणाली, "आई, तू त्याला जिकडं न्यायचंय त्याच्या उलटं फिरव ना." एसटीचा कंडक्टर उतरून टाळ्या वाजवायला लागला, खरंच.

तलाव, कळसूबाई वगैरे काय बघितलं विचारू नका, मला फक्त त्या कंडक्टरच्या टाळ्या आठवतात. आता तुमचं सांगा. ट्रेलर, ट्रॉली, काहीही.

शेंगदाणा_नं_१

फराळाच्या डब्यात काय होतं ते सांगा आधी

दोन_पोरांची_आई

कडबोळी. आणि शंकरपाळे. पाच किलोचा डबा होता हो, दोन दिवसांसाठी.

कादवाकाठचा_गडी

ताई ट्रॉलीवाल्यांना विचारा हे. आमची तं अर्धी जिंदगी मागं काहीतरी जोडूनच गेली. पण पोरं घेऊन पहिल्यांदा गेलो ते चैत्रात सप्तशृंगी गडावर, आमचा मोठा तव्हा सहा वर्षाचा, धाकटी कडेवर, भावाची तीन, शेजारची दोन, बाया, आजी, स्वयंपाकाचं सगळं सामान, ट्रॉलीत खाली कडबा टाकून वर गोधड्या. आता ट्रॉलीत माणसं बसवत नाही आम्ही आणि बसवूही नये, कायद्यात बसत नाही ते, पण तव्हा सगळे तसेच जायचे. चढताना काय नाही, पहिल्या-दुसऱ्या गिअरमदी घुर्र घुर्र नांदुरीहून वर. उतरताना समजलं. ट्रॉली मागून ढकलते ना भो! अन मी शेतातून थेट निघालेलो, ब्रेकच्या दोन पायड्या जोडायची कडी लावायची राहिली. शेतात वळवायला एकएका चाकाचा ब्रेक वेगळा लागतो, रस्त्यावर दोन्ही एकत्र पाहिजे. म्या उजवी पायडी दाबली अन ट्रॅक्टर निस्ता उजवीकडं ओढला, पलीकडं दरी. बायकोनं ट्रॉलीतून एवढ्या जोरात माझं नाव घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच नाव घेतलं तिनं. कडी लावली, खालच्या गिअरला टाकला, क्लच दाबायचाच नाही असं ठरवून उतरलो. खाली येऊन सगळ्यांना चहा पाजला, मला प्यायला गेला नाही.

ताईसाहेब_फक्त_वाचते

लग्नानंतर पहिल्यांदा नाव घेतलं!! मेले हसून

कादवाकाठचा_गडी

त्यानंतर परत नाही घेतलं. ब्रेक नीट आहेत ना आता

सिडको_साडेसात

माझं ट्रेलर वगैरे नाही पण लिहू का? मी आणि माझी मुलगी दोघीच, मुंबईला जायचं होतं, तिची ॲडमिशन. पहिल्यांदाच एकटीनं कसारा उतरायचा. घाटनदेवीला थांबले, नारळ फोडला, पाच मिनिटं तिथंच बसून राहिले. मुलीला सांगितलं पाय मोकळे करतेय. तिला कळलं होतं, ती काही बोलली नाही, तिनं फक्त गाणी बंद केली. पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये. मागं ट्रक होता त्यानं एकदाही हॉर्न नाही वाजवला. अजून कधीकधी त्या ट्रकवाल्याची आठवण येते.

गोदाकाठ_७७

आता समृद्धीच्या बोगद्यातनं जा ना, इगतपुरीचा, आठेक किलोमीटर, घाटच नाही

सिडको_साडेसात

ही २०१४ ची गोष्ट आहे दादा, तो तुकडा २०२५ ला सुरू झाला

गोदाकाठ_७७

हो का. सॉरी. आणि कादवाकाठ भाऊ तुम्ही जाऊ नका, ट्रॅक्टरला बंदी आहे तिथं

कादवाकाठचा_गडी

कशाला जाऊ, माझी द्राक्षं पिंपळगावलाच घेतात

ग्रीसचे_हात

वरचं सगळं वाचलं. मी गॅरेजवाला, बोलल्याशिवाय राहवत नाही. वजन पुढं घ्या हे त्या ड्रायव्हरनं बरोबर सांगितलं पण फार पुढंही नको, गाडीचं बूड बसतं आणि पुढचं तोंड उचलतं, मग स्टेअरिंग हलकं लागतं आणि हेडलाईट झाडावर जातो. साधा हिशोब, ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त हुकावर. दुसरं, साखळ्या. हुकाबरोबर दोन साखळ्या असतात त्या दांड्याखाली एकमेकींवरनं फुलीसारख्या लावायच्या, हूक सुटलाच तर दांडा साखळीत पडतो, रस्त्यात घुसत नाही. लोक एकच लावतात आणि दुसरी लोंबत ठेवतात, ठिणग्या उडतात मागं. तिसरं, वीस-तीस किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या चाकाच्या मध्यावर हात जवळ न्या. चटका बसला तर बेअरिंग खराब व्हायला लागलंय समजा. चौथं, ट्रेलरचे ब्रेक लाईट आणि इंडिकेटर लागतात का ते कुणाला तरी मागं उभं करून बघा. कधीच कोणी बघत नाही. पाचवं उभं करताना आधी चाकाला दगडाची उटी, मग हूक काढायचा. उलटं केलेला एक जण माझ्याकडं आला होता, त्याचा ट्रेलर शेजाऱ्याच्या तुळशीवृंदावनात गेला होता.

शेंगदाणा_नं_१

तुळस वाचली का

ग्रीसचे_हात

तुळस वाचली, शेजार गेला

मेलबर्नचा_नाशिककर

मी मूळ नाशिकरोडचा. इकडं सगळे कॅराव्हॅन घेऊन फिरतात म्हणून आम्हीपण भाड्यानं घेतला, ईस्टरची सुट्टी, दोन मुलं, बायको. बायकोनं विचारलं येईल ना तुला? मी म्हटलं मी द्वारका सर्कलला गाडी शिकलोय, मला काय येणार नाही. जाताना झकास. मुलांना हट्ट होता की कॅराव्हॅनमध्ये झोपून जायचं, पण चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो, त्यावरनं पहिला तास रडारड. संध्याकाळी कॅम्पवर पोचलो, जागा कोपऱ्यातली, रिव्हर्समध्ये लावायची. आणि इथं पद्धतच आहे, नवीन कोणी आला की बाकीचे सगळे खुर्च्या वळवून बसतात बघायला. बारा-पंधरा जण. मी आत, बाहेर, आत, बाहेर. चौथ्या वेळी मुलगा म्हणाला बाबा आपण घरी झोपू. शेवटी एक म्हातारबाबा खुर्चीतनं उठले, खिडकीशी येऊन म्हणाले हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर, आता ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात ने. बस्स. एवढं एक वाक्य. पहिल्या झटक्यात गेला. दोन_पोरांची_आई, तुमच्या लेकीनं हेच नवव्या वर्षी स्वतः शोधलं, तिला दंडवत सांगा.

दोन_पोरांची_आई

सांगितलं. ती आता सोळाची आहे, म्हणाली "ऑब्व्हियस आहे ना ते". डोक्यावर बसलीये.

जाळीतला_मणी

मी बाप नाही, मागं बसणारा पोरगा होतो, चालेल ना? आमचं गाव चांदवडकडं. मामाच्या लग्नाला पप्पा आम्हा चार भावंडांना कांद्याच्या ट्रॉलीतनं घेऊन निघाले, त्यांची पहिलीच वेळ, एरवी काका चालवायचे. राहुड घाट मध्ये. पप्पा इतके घाबरलेले की दर चार-पाच किलोमीटरला ट्रॅक्टर थांबवायचे, उतरायचे आणि आम्हाला मोजायचे. एक, दोन, तीन, चार. चढायचे. परत थांबायचे. एक, दोन, तीन, चार. आई म्हणायची अहो जाणार कुठं आहेत, तरी मोजायचेच. घाट उतरून झाला, खाली थांबले, मोजलं, एक, दोन, तीन. तीन!! पप्पांचा चेहरा मी विसरणार नाही, पांढरा फटक. ट्रॅक्टर तिथंच चालू ठेवून उलटे घाटाकडं पळत सुटले, पायात एकच चप्पल. आई ओरडतेय, आम्ही ओरडतोय. आणि ताडपत्रीखालनं धाकटा बाहेर आला, झोपला होता, विचारतो आलं का लग्न?

पप्पांना परत बोलवायला मी पळत गेलो. ते वळणावर खाली वाकून दरीत बघत होते. मी "सापडला" म्हणालो तरी त्यांना ऐकू गेलं नाही, हात धरून वळवावं लागलं. लग्नात फोटोत पप्पा एका चपलेवर आहेत.

ताईसाहेब_फक्त_वाचते

अरे देवा. हसता हसता रडवलंस रे

कादवाकाठचा_गडी

मोजतो आम्ही. अजून मोजतो. आता पोरं पुण्याला आहेत तरी दिवाळीला आली की रात्री दार लावताना चपला मोजतो

सिडको_साडेसात

+१

गोदाकाठ_७७

विषयाला धरून नाही पण वाडीवऱ्हेला चहा कुठं चांगला मिळतो? शनिवारी जायचंय

शेंगदाणा_नं_१

चहा सोड, निघायच्या आधी मिसळ खाऊन जा. रिकाम्या पोटी घाट नको

मेलबर्नचा_नाशिककर

मिसळीचं नाव काढू नका रे, इथं रात्रीचे साडेअकरा वाजलेत

शेंगदाणा_नं_१

काळा रस्सा, वर पापड, दही वाटीत

मेलबर्नचा_नाशिककर

ब्लॉक करतोय तुला

ग्रीसचे_हात

दोन_पोरांची_आई, तो गल्लीतला कालचा माणूस निघाला का शेवटी?

दोन_पोरांची_आई

निघाला. मी जाऊन त्याच्या बायकोला म्हटलं, त्यांना सांगा जिकडं न्यायचंय त्याच्या उलटं फिरवा आणि हळू. हात खाली धरायचं वगैरे मला माहीत नव्हतं तेव्हा, मेलबर्नवाल्यांचं वाचल्यावर कळलं तेच आहे. त्याच्या पोरांनी मला मागच्या काचेतनं टाटा केला. हॉर्न मारणारा एक रिक्षावाला मात्र मला म्हणाला, "मॅडम तुम्हीच लावून दिला असता तर लवकर झालं असतं."

ताईसाहेब_फक्त_वाचते

आणि ह्यांचं मनगट?

दोन_पोरांची_आई

बरं झालं हो दीड महिन्यात. संक्रांतीला प्लास्टरातच फिरकी धरून उभे होते गच्चीवर, कठड्यापाशी मात्र सासूबाई खुर्ची टाकून स्वतः बसल्या होत्या, हे चढू नयेत म्हणून.