तिसरी-चौथीला कोडिंग: लॅपटॉप दोनच, त्यात पावसाळा

वेळणेश्वर_काठ
गुहागर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथी मिळून २२ मुलं. नेटचा भरवसा नाही, पावसात लाइट गेली की दिवसभर नाही. थेट स्क्रॅच (ठोकळे जोडून कोडिंग करायचं ॲप) घेऊ की आधी कागदावर काही? आठवड्याला दोन तासिका आहेत.

पडवीतला_रोबो
आधी जमिनीवर. पडवीत खडूने ५ × ५ चौकटी आखा, दोन-तीन चौकटींत करवंट्या ठेवा, ते अडथळे. हुकूम तीनच: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. एकाने सगळे हुकूम आधी कागदावर लिहायचे, दुसऱ्याने रोबो होऊन जसेच्या तसे पाळायचे. चालता चालता सांगू दिलंत तर मुलं बघून सुधारत जातात, आधी विचार कुणीच करत नाही.

हमखास चुकतं ते 'वळ'. मूल वळतं आणि त्याच दमात एक चौकट पुढेही जातं. जागच्या जागी फिरायचं, हे करून दाखवा. लिहिणारा रोबोच्या समोर बसला तर डावं-उजवं उलटं होतं, त्याला पाठीमागे बसवा. रोबो करवंटीला धडकला की कागद फाडू देऊ नका. कुठली ओळ चुकली त्यावर बोट ठेवायला लावा.

रापणवाला
बरोबर, पण पाऊसभर त्यातच अडकू नका. एक गट लॅपटॉपवर असताना बाकीच्यांना पाच असोले (न सोललेले) नारळ आणि तागडी द्या. वजनं नाहीत, एका वेळी दोनच नारळ तोलून हलक्यापासून जडापर्यंत लावायचे. सर्वांत जड शोधायला ४ तोल, मग ३, २, १: एकूण १०. मोठा दिसला म्हणून न तोलताच शेवटी ठेवतात, तिथे सोडण (वरची साल) फसवतं. मग विचारा, कमीत जमेल का? लावलेल्या रांगेत नवा नारळ आधी मधल्याशी तोलला तर जास्तीत जास्त ८.

मांजर_४८०
स्क्रॅचचं ऑफलाइन ॲप एकदा उतरवून पेन ड्राइव्हने दोन्हींत टाका. नेट लागत नाही. बॅटरी मात्र आदल्या रात्री भरा.

पहिलं काम चौरस. हिरव्या झेंड्याखाली: सगळं पुस, एक्स ०, वाय ० ला जा, ९० दिशेला तोंड कर, पेन खाली. मग ४ वेळा: १०० पावलं, ९० अंश वळ, १ सेकंद थांब. थांबवलं नाही तर स्क्रॅचच्या पडद्यावरची मांजर झटकन फिरून मूळ जागी येते आणि मुलं म्हणतात, हललीच नाही. ठोकळ्यात आधीपासून असलेली १० पावलंही दिसत नाहीत, कारण मंचच (मांजर फिरते ती जागा) ४८० पावलं रुंद. पेनचे ठोकळे एक्स्टेंशनमधून (जादा ठोकळ्यांच्या यादीतून) घ्यावे लागतात.

त्रिकोण घाईने घेऊ नका. मुलं ६० टाकतात. हवे १२०, कारण मांजर बाहेरच्या कोनातून वळते.