काकांना जीवनगौरव द्यायचाच, पण शाल-श्रीफळ देऊन?

गोदाकाठ:
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष यंदा पद सोडतायत. 1 ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, त्यांना जीवनगौरव द्यायचं ठरलंय. हॉल, मानपत्र, चांदीचं स्मृतिचिन्ह, आमदारांच्या हस्ते सत्कार, मग जेवण. वर्गणी सुरू झालीये आणि मला हे अजिबात पटलेलं नाही.

काकांनी इतकी वर्षं काय केलं तर लोकांचे कागद केले. श्रावणबाळ योजनेत 65 च्या पुढच्या माणसाला महिन्याला 1500 रुपये मिळतात, पण त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं नाहीतर वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा, म्हणजे तलाठी, सेतू (सरकारी दाखल्यांचं केंद्र), तहसीलची संजय गांधी शाखा, परत सेतू. गुडघे गेलेल्या बाईने हे एकटीने कसं करायचं? काका स्कूटरवर मागे बसवून न्यायचे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून पेन्शन अडायची, तर मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढायचं ते स्वतः शिकले आणि घरोघर जाऊन काढून दिले.

आता हे कोण करणार? माझं म्हणणं, वर्गणीतून संघाच्या खोलीत त्यांच्या नावाचं मदत केंद्र काढा, मानधनावर कोणीतरी रोज दोन तास बसवा. शाल कपाटात जाते.

पारावरचा:
पूर्ण असहमत. खर्चाचा हिशोब फक्त अशा माणसाच्या वेळीच का निघतो? चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तेव्हा कोणी विचारत नाही. या माणसाने पेट्रोलचे पैसेसुद्धा कधी घेतले नाहीत, काकूंनी रविवारीही घरात रांग सहन केली, दोघांना एकदा स्टेजवर बसवून गावाने टाळ्या वाजवल्या तर कुठे बिघडलं? आणि ज्यांचे कागद त्यांनी केले ती माणसं हॉलमध्ये येतील, दोन शब्द बोलतील. ते त्यांना केंद्राच्या पाटीवर नाव बघून मिळणार नाही. शिवाय सत्कार बघूनच कोणाला तरी वाटतं की आपणही हे काम करावं. आमच्या कार्यकारिणीत सगळ्यात तरुण माणूस 68 चा आहे!

प्रांतपायरी:
दोघेही एक गोष्ट विसरताय. काकांचं सगळ्यात मोठं काम फॉर्मचं नव्हतं, 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं होतं. मुलं सांभाळत नसतील तर प्रांतांपुढे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, अर्ज करता येतो, साधारण 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, हे लोकांना ठाऊकच नसतं. आमच्या मावशीने फ्लॅट मुलाच्या नावे करायचा ठरवला तेव्हा काकांनी हट्टाने सांगितलं, बक्षीसपत्रात 'सांभाळ करणार' ही अट लिहून घ्या, म्हणजे उद्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येईल. मावशी चिडली होती, घरात अविश्वास कशाला म्हणून. नंतर तीच अट कामाला आली. हे ज्ञान काकांच्या डोक्यात आहे, लिहिलेलं कुठेच नाही. मानधनावर बसवलेल्या मुलाला ते कोण शिकवणार? आधी दोन महिने कोणीतरी काकांसोबत बसा आणि सगळं उतरवून घ्या.

सांजवेळ:
मानपत्राचा मसुदा वाचला. एकट्या काकांचं नाव. अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाऊन औषधं देणाऱ्या, पाठीला फोड आलेत का बघणाऱ्या, डबा पोचवणाऱ्या आमच्या महिला गटातल्या एकीचंही नाही. काका थोर आहेत याबद्दल वाद नाही, ते स्वतःच म्हणतात की बायकांनी माणसं शोधून दिली म्हणून मी कागद करू शकलो. मग हे वाक्य मानपत्रात का नाही? सत्कार करा किंवा केंद्र काढा, आम्हाला परत चहा-नाश्त्याच्या कामाला लावणार असाल तर मी येणार नाही.

लालडब्बा:
आमदारांना जरूर बोलवा, पण फोटोपुरतं नको. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्र सरकारचा वाटा 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये आहे, कित्येक वर्षं तेवढाच. रेल्वेची सवलत मार्च 2020 पासून बंद, काकांनी त्यासाठी किती अर्ज लिहिले ते आम्हाला माहितेय. दुसरीकडे 2022 पासून एसटी 75 च्या पुढच्यांना फुकट झाली, म्हणजे सरकारने मनात आणलं तर होतं. एक माणूस आयुष्यभर सरकारची कामं करत राहिला आणि आपण त्याला चांदीचं काहीतरी देऊन मोकळे होणार? स्टेजवरूनच मागण्यांचं निवेदन द्या.

पारावरचा:
@लालडब्बा निवेदन दुसऱ्या दिवशी द्या ना. तो एक दिवस काकांचा असू दे.

गोदाकाठ:
@सांजवेळ मानपत्राचं तुमचं शंभर टक्के बरोबर, उद्याच्या मीटिंगमध्ये मी मांडतो, तुम्हीही या. @पारावरचा काकूंना स्टेजवर बसवायला माझा विरोध नाही, पण ते संघाच्या खोलीत सतरंजीवरही होईल. चांदी आणि हॉल याला माझी वर्गणी नाही. श्रावणबाळचे चार अर्ज आत्ता काकांच्या टेबलावर पडून आहेत, त्यातल्या दोघींना उत्पन्नाचा दाखला मिळालेला नाही. सोमवारी सेतूत कोण येतंय माझ्यासोबत?