ग्रीन बिल्डिंगचे नियम: केंद्राचे बरे की महापालिकेचे?

गच्चीवाला: परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून भांडणच झालं, म्हणून इथे विचारतोय. माझं मत स्पष्ट आहे, फरक पडतो तो महापालिकेच्या नियमाने. पुण्यात सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, गांडूळखत यातलं एक केलं की प्रॉपर्टी टॅक्समध्ये ५ टक्के सूट, दोन केली की १० टक्के. बिल कमी येतंय म्हटल्यावर एरवी मीटिंगला न येणारे पण वर्गणी काढतात. उलट केंद्राचा ईसीबीसी कोड (व्यापारी इमारतींत वीज वाचवण्याचे नियम) २००७ ला आला, २०१७ ला सुधारला, पण राज्याने नोटिफाय करून बांधकाम नियमावलीत घातल्याशिवाय बिल्डरला त्याचं बंधन नाही. नकाशा मंजूर होतो महापालिकेत, दिल्लीत नाही!

पश्चिमेची खिडकी: नाही पटलं. माझा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. मे महिन्यात रात्री नऊला भिंतीला हात लावा, चटका बसतो, आई हॉलमध्ये ओला पंचा अंगावर घेऊन झोपते. खाली गांडूळखत केल्याने ती भिंत गार होणार आहे का? केंद्राच्या २०१८ च्या, घरांसाठीच्या इको-निवास संहितेत नेमकं हेच धरलंय की भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये (थंड हवेचे प्रदेश सोडून). भिंत एकदाच बांधतात हो, नंतर आयुष्यभर एसीचं बिल आपण भरतो.

गच्चीवाला: संहिता चांगली आहे, मी कुठे नाही म्हणतोय. पण ती कागदावर असून तुमच्या आईला काय उपयोग झाला?

माजी सेक्रेटरी: मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. राज्याच्या २०२० च्या युडीसीपीआरमध्ये (बांधकाम नियमावलीत) ग्रीन रेटिंगप्रमाणे ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) मिळतो, म्हणजे बिल्डरचा फायदा बांधतानाच होऊन जातो. आमच्याकडे लॉबीत सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही पावसाचं पाणी जिरवायच्या शोषखड्ड्याचं झाकण काढलं तर आत विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, आणि गच्चीवरचा पाईप खड्ड्यापर्यंत आलेलाच नाही, कंपाउंडच्या कडेला नुसता मातीत खुपसलेला. उन्हाळाभर आम्ही टँकर घेतो. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाल्यावर एकदाही कोणी बघायला आलं नाही. तपासणीच नसेल तर नियम कुणाचाही असो!

पश्चिमेची खिडकी: म्हणूनच तर केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्याची २०२२ ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. पहिल्यांदाच मोठ्या निवासी इमारती पण कायद्यात आल्या, १०० किलोवॅट कनेक्टेड लोडपासून (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून विजेचा भार) पुढे, आणि राज्याला ही मर्यादा अजून खाली आणता येते. महापालिकेची सूट ऐच्छिक आहे, घेतली तर घेतली. हे कायद्याचं बंधन आहे.

गच्चीवाला: १०० किलोवॅट म्हणजे मोठे टॉवर झाले. आमची १६ फ्लॅटची बिल्डिंग त्यात बसत पण नाही, आणि शहरात अशाच जास्त आहेत. पण माजी सेक्रेटरींचं पटलं, सूट दरवर्षी खड्डा बघूनच द्यावी, तेवढा माणूस महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसकडेच असतो.

माजी सेक्रेटरी: आणि भिंतीचा हिशोब नकाशा मंजूर करतानाच मागा, तोही त्याच टेबलावर. बाकी गच्चीवाले, जूनच्या आत तुमचा पाईप कुठे जातो ते उघडून बघा आणि फोटो टाका इथे.

गच्चीवाला: रविवारी प्लंबरला बोलावलंय.