'डूलाली' म्हणजे आपली देवळाली?

अनुवादिनी: पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या आठवणी मराठीत आणतेय. त्यात वाक्य आहे, 'ही हॅज गॉन डूलाली.' मी लिहिलं, 'त्याचं डोकं फिरलंय.' संपादकांचा शेरा आला: 'देवळालीला गेला' असं ठेवा, शब्द मूळचा आपला आहे. पण त्यातून वाचकाला वेड कसं कळणार?

नाशिककर: मूळ देवळालीच. मुदत संपलेले गोरे सैनिक विलायतेच्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत पडून असत. जहाजं ऑक्टोबर ते मार्च एवढीच. मार्चनंतर मुदत संपली की अख्खा उन्हाळा-पावसाळा तिथेच. हाताला काम नाही, अंगात मलेरिया, जवळ दारू. माणसं भ्रमिष्टासारखी वागायची. पूर्ण शब्दप्रयोग 'डूलाली टॅप'. फक्त 'देवळालीला' लिहू नका. देवळाली गाव वेगळं, छावणी ती देवळाली कॅम्प. आम्ही नुसतं 'कॅम्प' म्हणतो.

बखरवाला: 'टॅप' म्हणजे आपला ताप! 'डोक्याला ताप' रोज म्हणतो, तोच.

फारसीप्रेमी: 'डोक्याला ताप' म्हणजे कटकट हो, वेड नाही. गोऱ्या शिपायांची बोली बाजारातली हिंदुस्तानी. तिच्यात फारसी 'तप' म्हणजे ज्वर. संस्कृत 'ताप' त्याचा भाऊबंद खरा, पण 'टॅप'मधला ऱ्हस्व स्वर 'तप'लाच जुळतो.

बखरवाला: छावणीतले धोबी, भाजीवाल्या नाशिकच्याच ना? त्या काय फारसी बोलायच्या?

फारसीप्रेमी: पलटणी पेशावरपासून फिरून यायच्या. 'खुशी'चं 'कुशी', 'देखो'चं 'डेको', 'विलायती'चं 'ब्लायटी' झालं, त्यात मराठी कुठे आहे?

ठाणेकर: अनुवादात 'त्याला ठाण्याला पाठवायला हवं' का नको? तिथेही गावाचंच नाव वेडाला चिकटलंय, आणि मनोरुग्णालय 1901चं, म्हणजे काळही जुळतो.

सुईदोरा: कृपया नको. माझी आई तिथे परिचारिका होती. बरे होऊन घरी गेलेल्यांनाही गाव याच वाक्याने टोचायचं. 'डोकं फिरलंय' उत्तम आहे, बदलू नका.

नाशिककर: मग आमच्या गावाचं नाव वेडासाठी चालतं का?

जहाजी: 'पॉश'सुद्धा मुंबईच्या बोटींवरूनच आला. येताना डावीकडची केबिन, परतताना उजवीकडची, दोन्ही सावलीच्या. श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं मारत.

फारसीप्रेमी: असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. ही गोष्ट मागाहून रचलेली. त्याआधी लंडनच्या चोरट्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, पुढे पैसा. रोमानीत 'पॉश' म्हणजे अर्धा.

बखरवाला: रोमानी भारतातूनच तिकडे गेली. म्हणजे शब्द शेवटी इकडचाच!

फारसीप्रेमी: भाषा इकडून गेली म्हणून तिचा प्रत्येक शब्द मराठी होत नाही. 'ताप'चंही तेच सांगतोय मघापासून.

जहाजी: पण माझ्या आजोबांनी ते तिकीट स्वतः पाहिलं होतं.