अण्णांच्या जुन्या लेथला सेकंडहँड ट्रू चक आणि स्टेडी कशी बसवू?

प्रश्न (कुपवाड, सांगली)

अण्णांचा साडेसहा फुटी गॅप बेडचा (मोठा जॉब फिरावा म्हणून पायाला खाच असलेला) लेथ गेल्या दिवाळीपासून मी चालवतोय. बेडवर कुठं नाव नाही की नंबर नाही. अण्णा सगळं डॉग चकमध्येच (चार जॉ वेगवेगळे सरकतात अशी जॉबची पकड) करायचे. चार जॉ मागंपुढं करून, डायल (जॉब किती डुलतो ते दाखवणारं घड्याळ) लावून पाच मिनिटांत जॉब सेंटरला आणायचे. माझा हात अजून तेवढा बसलेला नाही. द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या वीस पुली आल्या, की निम्मा दिवस सेंटर काढण्यातच जातो.

मिरजेत एका भंगारवाल्याकडं २०० मिमीचा ट्रू चक (तिन्ही जॉ एकदम सरकून जॉब आपोआप सेंटरला धरणारा) बघितलाय. २०१९ च्या पुरात बुडालेल्या वर्कशॉपमधला आहे. किल्ली जड फिरते आणि बॅक प्लेट (चक स्पिंडलला जोडणारी चकती) नाही. माझ्या स्पिंडलचे (चक फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे बाहेरून ५७ मिमीच्या आसपास, इंचाला ८.

त्याच्याकडंच एक स्टेडी (लांब जॉबला मधे आधार देणारी तीन टोकांची चौकट) आहे, पण तिचं सेंटर बुडापासून १७८ मिमीवर येतं. माझ्या लेथचं २०३ आहे. हळद पॉलिशच्या ड्रमचे लांब शाफ्ट येतात, त्यामुळं स्टेडी लागणारच. दोन्ही घेऊ का? आणि तयार बॅक प्लेट कुठं मिळेल?

उत्तर १ (मिरज)

भाऊ, तयार बॅक प्लेट शोधत बसू नका. मी वर्षभर शोधली. शेवटी एक घेतली, आटे बरोबर बसले, पण चक डोळ्याला दिसेल इतका डुलायचा. प्लेट दुसऱ्याच्या स्पिंडलवर फेस केलेली (तोंड सपाट केलेली) होती. बॅक प्लेट आपल्याच स्पिंडलवर जन्मली पाहिजे.

आधी चक. पुराचा आहे म्हणून सोडू नका, पण उघडून दाखव म्हणा. जॉवर १, २, ३ आकडे आणि बॉडीवर तोच नंबर आहे का बघा. वेगळ्या चकचे जॉ असतील तर पैसे घालू नका. मग एक सरळ, ग्राइंड केलेला बार पकडा. जॉ मागं घट्ट आणि तोंडाशी ढिले असतील, तर तोंडं झिजलीत. किल्ली जड फिरते ती बहुतेक स्क्रोलमधल्या (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चकतीतल्या) गाळानं. दोन दिवस डिझेलमध्ये ठेवा आणि पितळी ब्रशनं खाच न् खाच साफ करा.

स्पिंडलचे आटे २¼ इंचाचे दिसतात, म्हणजे ५७.१५ मिमी. ते ५५ अंशाचे की ६० चे, हे पिच गेज (आट्यांत बसवून बघायची दातेरी पट्टी) उजेडासमोर धरून ठरवा. दोन्ही गेज लावून बघा, ज्यात फट दिसत नाही ते तुमचं.

आता खरी अडचण. प्लेटचे आटे तुम्ही तुमच्याच लेथवर डॉग चकमध्ये काढणार, तेव्हा स्पिंडलला डॉग चक लागलेला असतो. मग माप बघणार कशावर? म्हणून आधी एमएसचा (साध्या पोलादाचा) एक प्लग करा, स्पिंडलच्या नाकाची (पुढच्या टोकाची) हुबेहूब नक्कल. आटे, मागचा साधा भाग, खांदा, सगळं तेच माप. प्लेटमध्ये तो प्लग हातानं फिरत जाऊन खांद्याला टेकला पाहिजे. सेंटर धरतो तो साधा भाग आणि खांदा. आट्यांचं काम फक्त आवळून धरायचं. हे होईपर्यंत प्लेट डॉग चकमधून काढू नका. मग डॉग चक उतरवा, प्लेट स्पिंडलवर चढवा, फेस करा आणि चकच्या मागच्या खाचेत बसणारी उंच कडा शेवटी काढा. मी ती चपखल ठेवतो, हातानं दाबून बसेल इतकी.

प्लेटसाठी बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा शिरोलीत मिळेल. व्यासाला आणि जाडीला ५-५ मिमी जास्त मागा, वरची कातडी कडक असते.

उत्तर २ (सातारा)

वरचं सगळं पटलं, एक सोडून. जुन्या चकला कडा चपखल ठेवू नका. झिजलेल्या स्क्रोलचा चक स्वतःच दहा शंभरावे (०.१० मिमी) बाहेर पळतो, तो चपखल बसवला की ती चूक कायमची. मी कडा दोन दशांश मिमी ढिली ठेवतो. बोल्ट अर्धवट आवळून डायल लावायचा, चकला प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत आणायचं आणि मग पक्कं आवळायचं. जड कटला सरकला, तर पुन्हा आणायला दहा मिनिटं लागतात.

स्टेडी बिनधास्त घ्या. कमी उंचीची आहे हे बरंच, जास्त असती तर बूड खरवडावं लागलं असतं. २५ मिमी फरकाला बिडाचा ठोकळा करा, खालची व्ही (बेडवर बसणारी खाच) शेपरवर (धातू सरळ रेषेत तासणाऱ्या मशीनवर) काढून घ्या आणि बेडला निळं (निळा रंग) लावून टेकते कुठं ते बघत घासा. टोकांना गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) लावा. चकमध्ये सरळ बार धरून स्टेडी चकजवळ आणा, तिन्ही टोकं बारला हलकी टेकवा आणि मगच ती लांब न्या.

आणि एक कळकळीनं सांगतो. आट्यांच्या स्पिंडलवर उलटं फिरवून ब्रेक मारू नका. चक सुटून अंगावर येतो.

प्रश्नकर्ता

सव्वा महिन्यानं लिहितोय. चक घेतला, नंबर जुळले. स्क्रोलमधून वाटीभर गाळ निघाला, आता किल्ली दोन बोटांनी फिरते. आटे ५५ अंशाचे निघाले. प्लग करताना पहिला बिघडला, आट्यांचा तळ खोल गेला. दुसरा जमला. कडा सातारच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे ढिली ठेवली. ठोकून ठोकून डायलवर तीन शंभरावे आलंय.

काल अण्णा खुर्ची घेऊन लेथजवळ बसले होते. वीस पुली दुपारच्या जेवणाआधी झाल्या. त्यांनी प्लग हातात घेतला, प्लेटमध्ये फिरवून बघितला आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवला. स्टेडीचा ठोकळा शेपरवर गेलाय, सोमवारी मिळेल.