मोबाईल असताना वायरलेस कशाला?

कुणीतरी विचारलंय, प्रत्येक पोलिसाच्या खिशात मोबाईल असताना वायरलेसचं ओझं कशाला? विसर्जनाच्या गर्दीत फोन लावून बघा, कळेल. पण मुख्य फरक वेगळाच. फोन एकाला लागतो. कंट्रोल रूम वायरलेसवर बोलली की ठाण्यातला अंमलदार, गस्तीची गाडी, नाक्यावरचा हवालदार, सगळे एकदमच ऐकतात. अट एकच, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघांनी बटण दाबलं की नुसती खरखर.

आपल्याकडे खान्देशात खरी गोची सातपुड्याची. वायरलेसच्या व्हीएचएफ रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. भुसावळ-जळगावच्या सपाटीवर ठीक, पण धडगावकडच्या दऱ्यांत पाचेक वॅटचा हातातला संच डोंगराआड मुका होतो. म्हणून उंचावर रिपीटर लागतो: एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि त्याच क्षणी दुसरीवर जास्त ताकदीने फेकायचं. भर पावसात डोंगर चढून त्याच्या बॅटऱ्या बघणाऱ्यांचं कौतुक कुणी करत नाही, असो.

११२ वर आलेल्या कॉलची माहिती आता कंट्रोलकडून पोलिसांच्या गाडीतल्या टॅबवर येते हे खरंय भाऊ, पण तो टॅबही मोबाईलच्याच नेटवर्कवर चालतो ना!